आंबा-कोळंबी पिझ्झा: मधला भाग ओलाच राहतो, पीठही आंबून जातं

काठावरचा_माड (रत्नागिरी)
घरच्या २८ लिटरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) दहा इंची पिझ्झा करतो. ओटीजी २५० अंशांपर्यंत जातो, तापल्याचा दिवा विझला की पिझ्झा आत. ४०० ग्रॅम मैद्याला २८० मिली पाणी, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ८ ग्रॅम मीठ. वर टोमॅटोचा सॉस, १५० ग्रॅम मोझरेला, सोललेली कच्ची कोळंबी, हापूसच्या फोडी आणि गुळाच्या पाकाची धार. सगळं एकदम लावून १५ मिनिटं भाजतो.

कडा छान होतात, पण मधे पाणी साचतं आणि खालचा भाग पांढराच राहतो. गूळ काळा पडून कडवट लागतो. सकाळी मळलेलं पीठ दुपारपर्यंत फसफसून चिकट होतं. नेमकं कुठे चुकतंय?

पोळपाट_लाटणं
आधी पिठाचं बघू. ४०० ग्रॅमला ७ ग्रॅम यीस्ट म्हणजे फारच झालं. हे प्रमाण थंड हवेतल्या कृतींमधून येतं. आपल्याकडे ३०-३२ अंशांत यीस्ट दुप्पट जोमाने काम करतं, पीठ दोन तासांत फुगून खाली बसतं, त्याची ताकद संपते आणि वास आंबूस येतो. १ ग्रॅम पुरे, म्हणजे छोट्या चमच्याचा तिसरा हिस्सा.

पाणीही कमी करा. आपला मैदा फार पाणी धरून ठेवत नाही, त्यात किनाऱ्यावरच्या दमट हवेत डब्यातलं पीठ आधीच ओलावा ओढून बसलेलं असतं. ४०० ग्रॅमला २४० मिली पाणी घ्या, पावसाळ्यात २३० पासून सुरुवात करा. पाणी फ्रीजचं किंवा माठातलं गार घ्या. ८ ग्रॅम मीठ बरोबर आहे, एक मोठा चमचा तेल शेवटी घाला. दहा मिनिटं चांगलं तिंबा. बोटांनी हळूहळू ताणल्यावर पापुद्र्यासारखा पातळ पडदा न फाटता निघाला की मळणं झालं.

तासभर बाहेर झाकून ठेवा, मग २२० ग्रॅमचे तीन गोळे करून तेल लावलेल्या डब्यांत फ्रीजमध्ये १८ ते २४ तास. भाजायच्या पाऊण तास आधी बाहेर काढा. गार गोळा लाटायला गेलात तर तो परत आकसतो. खरं तर लाटणं वापरूच नका, मधून कडेकडे बोटांनी दाबत न्या, म्हणजे कडेची हवा टिकते.

बिडाचा_तवा
खालचा भाग पांढरा राहतो याचं कारण ओटीजीचा दिवा. तो दहा-बारा मिनिटांत विझतो, पण त्याचा अर्थ आतली हवा तापली एवढाच. पत्र्याचा ट्रे अंगात उष्णता साठवत नाही, ओलं पीठ पडलं की गार होतो. दोन कानांचा बिडाचा तवा (लांब दांड्याचा ओटीजीत मावणार नाही) सर्वांत खालच्या जाळीवर पालथा ठेवा आणि दोन्ही कॉइल चालू ठेवून पूर्ण ४० मिनिटं तापवा.

पिझ्झा उलट्या ताटावर थापा, खाली तांदळाचं पीठ भुरभुरवा. मैदा भुरभुरवलात तर तो जळून धूर होतो. ताट हलवल्यावर पीठ सरकतंय ना हे बघूनच तव्यावर ढकला.

आता सगळं एकदम लावू नका. आधी फक्त सॉस, तोही ६० ग्रॅमच, आणि ४ मिनिटं भाजा. मग बाहेर काढून चीज आणि बाकीचं, पुन्हा ६-७ मिनिटं. १५० ग्रॅम चीज दहा इंचाला जास्त होतं, तेल सुटून वर तरंगतं. ९० ते १०० ग्रॅम भरपूर.

आगळ_आणि_मीठ
पाण्याचा उगम मात्र वरच्या साहित्यात आहे. आंब्यात आणि कोळंबीत बहुतांश पाणीच असतं, ते सगळं चीजखाली उतरतं.

कोळंबी १२० ग्रॅम, काळा धागा काढून, फडक्यावर टिपून कोरडी करा. हळद, पाव चमचा मीठ, अर्धा चमचा तिखट, चार पाकळ्या लसूण ठेचून लावा. कढई कडकडीत तापवून दीड मिनिट परता. अर्धवट वळली की लगेच उतरवा, उरलेलं शिजणं ओव्हनमध्ये होईल. पूर्ण गोल गुंडाळली गेली तर ओव्हनमधून रबर होऊन निघते. सुटलेलं पाणी फेकू नका, सॉस आटवताना त्यातच घाला. सॉससाठी ५०० ग्रॅम टोमॅटो आटून २०० ग्रॅम झाले पाहिजेत. त्यात दोन छोटे चमचे कोकमाचं आगळ (खारवलेला घट्ट रस) घालून बघा, कोळंबीला ते फार शोभतं. आगळात मीठ असतंच, म्हणून सॉसमध्ये वेगळं मीठ नको.

हापूस भाजूच नका. उष्णतेने त्याचा वास उडतो आणि फोड लिबलिबीत होते. पिकलेला पण बोटाला घट्ट लागणारा आंबा घ्या, साका (आतला पांढरट, स्पंजसारखा आंबट गर) असेल तो भाग काढून टाका. दीड सेंटीमीटरच्या ८० ग्रॅम फोडी पिझ्झा बाहेर आल्यावर टाका. त्या फ्रीजमधल्या नकोत, नाहीतर खालचं चीज लगेच थिजतं. पायरी रसासाठी ठेवा, तिचा पिझ्झ्यावर चिखल होतो. भाजलेलीच फोड हवी असेल तर तोतापुरी, तीही शेवटची दोन मिनिटं.

गुळाचंही तेच, साखर २५० अंशांत जळणारच. दोन मोठे चमचे गूळ, एक चमचा पाणी, एक छोटा चमचा आगळ, अर्धा चमचा जाडसर कुटलेली मिरची, मिनिटभर उकळून गाळा. पिझ्झा बाहेर आल्यावर यातला एकच मोठा चमचा वरून सोडा. नुसत्या गोडाने तोंड मिटतं, आंबट-तिखट असेल तर कोळंबी आणि आंबा एकमेकांना धरून राहतात.

काठावरचा_माड
यीस्ट आणि तवा दोन्ही चुका लक्षात आल्या. घरात दोघे शाकाहारी आहेत. काजूगर, फणस, अननस यांतलं काय चालेल?

पोळपाट_लाटणं
अननस चालतो. सॅम पॅनोपुलस यांनी १९६२ मध्ये कॅनडातल्या चॅथमला अननस-हॅमचा पिझ्झा केला, तो याच गोड-खारट जोडीवर उभा आहे. फक्त ताज्या अननसाच्या फोडी आधी कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजा, पाणी आटतं. कच्चा अननस कोळंबीत कालवून ठेवू नका. त्यातलं ब्रोमेलेन प्रथिनं तोडतं आणि कोळंबीचा भुगा होतो.

फणस घेतलात तर काप्याचेच (घट्ट गऱ्यांच्या फणसाचे) गरे, उभ्या पट्ट्या करून. बरका आधीच रसाळ, त्याची सांदणंच करावीत.

ओले काजूगर सोलताना हाताला तेल लावा, सालीतला चीक कातडी भाजतो. गरम पाण्यात १० मिनिटं ठेवले की साल सहज निघते. मग मिठाच्या पाण्यात ५ मिनिटं उकळून, निथळून, चीजच्या वर. खालचा गोडवा अलिबागच्या पांढऱ्या कांद्याचा: २०० ग्रॅम उभा चिरून, चिमूटभर मीठ घालून, मंद आचेवर २५ मिनिटं. आटून मूठभर उरतो आणि मधासारखा गोड लागतो. याला गुळाची गरज नाही.

काठावरचा_माड
आणि ऐन वेळी वीज गेली तर?

बिडाचा_तवा
गॅसवर होतो. बिडाचा तवा मध्यम आचेवर ५-६ मिनिटं तापवा, थापलेलं पीठ टाकून दोन मिनिटं झाका, बुडबुडे आले की उलटा. भाजलेल्या बाजूवर सॉस, चीज, बाकीचं. मग आच अगदी मंद करून झाकून ५ मिनिटं. झाकणाला फडकं बांधा, टोकं वर गाठ मारून, म्हणजे वाफेचे थेंब चीजवर पडत नाहीत आणि फडकं आचेला लागत नाही. वरून उष्णता नसल्याने चीज वितळेल पण लालसर होणार नाही. आणि या पद्धतीत कोळंबी कढईतच पूर्ण शिजवून घ्या, वर नुसती गरम होईल.