व्यवस्थापन साधनाने नेटवर्कची फाइल परस्पर बदलली. कायमची कुलूपबंद करावी का?

खानापूर_रोड
नमस्कार. बेळगावातील एका पतसंस्थेच्या मुख्य कार्यालयातील डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर मी सांभाळतो. खानापूर व निपाणी शाखांकडे जाणारे स्थिर मार्ग ‘इंटरफेसेस’ या नेटवर्कच्या मांडणीच्या फाइलमध्ये ‘पोस्ट-अप’च्या (जोडणी सुरू झाल्यावर चालवायच्या आज्ञांच्या) दोन ओळींत हाताने लिहिलेले होते आणि पुढे येणाऱ्याला समजावे म्हणून त्यांच्यावर मराठी व कन्नड टिपाही होत्या. मे महिन्यात बाहेरच्या तंत्रज्ञाने ब्राउझरमधून चालणारे व्यवस्थापन साधन वापरून दुसऱ्या नेटवर्क कार्डाला आयपी पत्ता दिला. तेव्हा काहीच बिघडले नाही. जूनमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात वीज गेली, सर्व्हर पुन्हा सुरू झाला आणि खानापूरचा संपर्क तुटला. निपाणी मात्र चालू होती. फाइल उघडून पाहिली तर टिपा नाहीत आणि दोनपैकी एकच मार्ग उरलेला. मार्ग पुन्हा लिहून काम सुरू केले आहे. परंतु इतके दिवस सगळे सुरळीत कसे चालले? आणि ही फाइल, तसेच डीएनएस (नावावरून पत्ता शोधणाऱ्या) सर्व्हरची नोंद असलेली ‘रिझॉल्व्ह’ फाइल, ‘चॅटर’ आज्ञेने बदलता न येणारी करून ठेवावी का?

चिकोडीकर
आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, चालू असलेले मार्ग कर्नलच्या, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याच्या, स्मृतीत असतात आणि फाइल केवळ इंटरफेस (नेटवर्क जोडणी) सुरू होताना वाचली जाते. त्यामुळे फाइल मे महिन्यातच बिघडली असली तरी ते उघड व्हायला रीबूट व्हावे लागले. अशा वेळी दोष विजेवर किंवा राउटरवर जातो आणि खरे कारण बाजूलाच राहते.

ओळ का गेली, याचा माझा अंदाज सांगतो. अशी अनेक साधने मजकुरातील एकच ओळ बदलत नाहीत. संपूर्ण फाइल वाचून आपल्या तक्त्यात भरतात आणि त्या तक्त्यावरून ती नव्याने लिहून काढतात. तक्त्यात टिपांसाठी रकाना नसेल तर टिपा जातात, आणि एका नावाला एकच किंमत ठेवण्याची सोय असेल तर ‘पोस्ट-अप’च्या दोन ओळींतली एकच टिकते. आपल्याकडे नेमके तसेच झालेले दिसते. साधनाच्या दृष्टीने त्याने काहीही चुकीचे लिहिलेले नसते, म्हणूनच सूचनाही येत नाही.

निपाणी_नेट
‘चॅटर’ लावून मोकळे व्हा. आमच्याकडे बऱ्याच काळापासून तसेच आहे.

चिकोडीकर
मी तसा सल्ला देणार नाही. ‘रिझॉल्व्ह’ ही बऱ्याच यंत्रांवर खरी फाइल नसून ‘रन’ फोल्डरमधील फाइलकडे नेणारा दुवा असते. दुव्यावर हे कुलूप लागतच नाही, आणि ‘रन’ स्मृतीत असल्यामुळे तिथला मजकूर प्रत्येक रीबूटनंतर नव्याने तयार होतो. तिथे नेटवर्कमॅनेजर ही जोडण्या सांभाळणारी सेवा लिहीत असेल, तर त्याच्या मांडणीत ‘डीएनएस’ची किंमत ‘नन’ ठेवणे हा सरळ मार्ग आहे. उबुंटूवर नेटप्लॅनच्या (नेटवर्कच्या मांडणीच्या) फोल्डरात क्लाउड-इनिट या पहिली मांडणी करणाऱ्या साधनाने लिहिलेली फाइल असेल, तर तिच्या माथ्यावर अनेकदा बदल टिकणार नाहीत असे लिहिलेले असते. तो मजकूर कोणी वाचत नाही, हे वेगळे.

कुलपापेक्षा मालकी ठरवणे महत्त्वाचे. फाइल हाताने लिहायची असेल, तर त्या तंत्रज्ञाच्या खात्याला साधनातील नेटवर्कचा विभागच दिसू नये. अनेक साधनांत खात्यानुसार विभाग बंद करता येतात. साधनानेच लिहायची असेल, तर मार्ग साधनातच भरावेत. मांडणीच्या फाइली असलेल्या ‘इटीसी’ फोल्डरासाठी ‘इटीसीकीपर’ बसवा, म्हणजे गिट या बदल जपून ठेवणाऱ्या साधनात रोजची नोंद राहील आणि काय बदलले ते ओळीनिशी दिसेल. कोणी बदलले हे हवे असेल तर ‘ऑडिट’ या लिनक्सच्या नोंद ठेवणाऱ्या सोयीची पाळत लावा.

खानापूर_रोड
आभारी आहे. तंत्रज्ञाच्या खात्यातून नेटवर्कचा विभाग काढला असून इटीसीकीपर बसवले आहे. जोडणी सुरू करणारी ‘इफअप’ आज्ञा ‘नो-अ‍ॅक्ट’ (प्रत्यक्ष काही न करता फक्त दाखवण्याच्या) पर्यायासह चालवली असता दोन्ही मार्गांच्या आज्ञा दिसतात. प्रत्यक्ष रीबूट रविवारी, शाखा बंद असताना, मी स्वतः सर्व्हरपाशी बसून करणार आहे.