असेंबल पीसी: जास्तीचे पैसे मदरबोर्डात घालावेत का?

रावेरचा केळीवाला
माझं मत सरळ आहे. प्रोसेसर आज साधा घ्या, पण बोर्ड घेताना हात आखडू नका. २०१७ साली जळगावातून बी३५० बोर्ड आणि एएमडीचा रायझन ५-१६०० प्रोसेसर आणला. २०२२ मध्ये त्याच बोर्डाचं बायोस (बोर्डातच असलेलं, पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करून नवा रायझन ५-५६०० बसवला. रॅम तीच, कॅबिनेट तेच. बायोस चढताना लाइट गेली तर बोर्डच कामातून जाऊ शकतो, म्हणून पीसी यूपीएसवर घेतला आणि शंभर टक्के दिसेपर्यंत जागचा हललो नाही. एएम४ सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा, इतकी वर्षं चाललं म्हणून हे जमलं. आता भाचा इंजिनिअरिंगला लागलाय, त्याला पुढच्या एएम५ सॉकेटचा बी६५० बोर्ड घ्यायला सांगतोय, तोही चार रॅम स्लॉटचा, म्हणजे पुढे दोन काड्या वाढवता येतील. या सॉकेटला किमान २०२७ पर्यंत साथ देऊ, असं एएमडीने जाहीर केलंय.

धुळ्याचा थ्रीडीवाला
दादा, तुम्ही खरंच अपग्रेड केलं. बहुतेक जण नुसतं म्हणतात. मीही त्यातलाच. २०२२ला "पुढे बघू" म्हणत इंटेलचा झेड६९० बोर्ड घेतला आणि वर लावला आय५-१२४००. हा प्रोसेसर ओव्हरक्लॉकिंगचा (ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा) नाहीच, मग त्यासाठीच्या झेड बोर्डाचे जादा पैसे कशाला मोजले? त्याच सॉकेटवर चौदाव्या पिढीपर्यंत जाता येत होतं, पण गेलो नाही. २०२४च्या ऑक्टोबरात इंटेलने एलजीए१८५१ हे नवं सॉकेट आणलं आणि पुढची वाट बंद झाली. तेवढ्या पैशांत ग्राफिक्स कार्ड एक पायरी वरचं आलं असतं, रेंडरला रोज उपयोगी पडलं असतं. आजच्या कामापुरता बोर्ड घ्या, उरलेले पैसे आरडीत टाका.

भुसावळचा शूटिंगवाला
तुम्ही दोघं सॉकेटवरच अडलात भो, आपला मे महिना कोण धरणार? मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. स्वस्तातला बोर्ड घेतला आणि नंतर त्यावर आठ कोअरचा प्रोसेसर चढवला. बोर्डाला चालतो असं यादीत लिहिलेलं होतं आणि चाललाही, पण हिवाळ्यात. बाहेर ४४ अंश असताना दुपारी एक्स्पोर्ट लावलं की दहा मिनिटांत वेग खाली. कॅबिनेटचं झाकण काढून टेबलफॅन लावला की परत वर. सॉकेटशेजारी करड्या ठोकळ्यांची रांग असते ना, तो व्हीआरएम. प्रोसेसरची वीज तिथून जाते. माझ्या बोर्डावर तो उघडाच होता, वर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) नाही. तेव्हा घेण्याआधी बोर्डाचा फोटो मोठा करून तेवढी जागा बघाच.

धुळ्याचा थ्रीडीवाला
व्हीआरएमचं शंभर टक्के पटलं. पण "चार रॅम स्लॉट, पुढे दोन काड्या वाढवू" हा हिशोबही डीडीआर५ रॅमवर फसतो. एएम५च्या रायझन ७०००ला दोन काड्यांवर रॅमचा अधिकृत वेग ५२००, चार लावल्या की ३६००. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी १६-१६ जीबीच्या दोन घ्या. दोन स्लॉटचा बोर्ड पुरतो.

शिरपूरकर
भाऊ, तुमनं खरं शे, पण एक राहिलं. मी दुकानातला जुन्या स्टॉकचा बी६५० घेतला, प्रोसेसर नवा रायझन ९६००एक्स. पंखे फिरायचे, स्क्रीन काळी. बायोस जुनं, त्याला हा प्रोसेसर ओळखताच येईना. अपडेट करायला आधीचा रायझन ७०००चा प्रोसेसर हवा, तो गावात कुणाकडेच नाही. शेवटी बोर्ड घेऊन नाशिक गाठलं. मागच्या बाजूला बायोस फ्लॅशबॅकचं बटण असतं तर पेनड्राइव्हवर फाइल टाकून प्रोसेसर न लावताच घरी झालं असतं.

रावेरचा केळीवाला
चार स्लॉटचा हट्ट सोडला, ते चुकलंच होतं. सॉकेटचा नाही सोडणार. धुळेकर, तुम्हाला पुढे जायची गरज पडली नाही. मला पडली, आणि तेव्हा नवा बोर्ड, नवी रॅम घ्यायची ऐपत नव्हती. भाच्याचंही पहिल्या वर्षी साध्या सहा कोअरवर भागेल, चौथ्या वर्षी प्रोजेक्टला भागणार नाही. म्हणून बी६५०च. त्यात व्हीआरएमवर हीटसिंक, फ्लॅशबॅकचं बटण आणि एसएसडीसाठी दोन एम.२ जागा बघतो. रविवारी जळगावला जातोय, बोर्डाचा खोका उघडून बघितल्याशिवाय पैसे देणार नाही.