केळीच्या पॅकहाऊससाठी फोर्कलिफ्ट: बॅटरीवरची की डिझेलची? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात आमचं केळीचं पॅकहाऊस आहे, माल निर्यातीचा. दोन टनी फोर्कलिफ्ट घ्यायची आहे आणि घरात दोन मतं पडली आहेत.

माझा कल बॅटरीकडे. शीतगृहात केळी १३-१४ अंशांवर कच्चीच ठेवावी लागते, आणि इंजिनाच्या धुरात इथिलीन, म्हणजे फळं पिकवणारा वायू, असतो. बंद खोलीत धूर साचला की माल बंदरात पोचायच्या आधीच पिकायला लागायचा. पॅकिंगच्या बायका दिवसभर तिथेच उभ्या असतात, त्यांच्या नाकातोंडात धूर जाणं मला अजिबात पटत नाही.

दादाचं म्हणणंही खोटं नाही. ट्रक बाहेर कच्च्या आवारात लागतात, पावसाळ्यात चिखल होतो, विजेचा नेम नाही. डिझेल ओतलं की गाडी तयार. लेड-ॲसिड बॅटरीला चार्जिंगला आठेक तास, वर पाणी तपासत राहायचं. लिथियम जेवणाच्या सुट्टीतही चार्ज करता येते, पण किंमत जड जाते.

कोणी लिथियमची गाडी भरल्या पॅलेटसह चिखलात, रॅम्पवर चालवली आहे का? टायर कोणते घेतले? की आत बॅटरीची आणि बाहेर जुनी डिझेलची, अशा दोन गाड्या ठेवणंच परवडतं? हंगाम तोंडावर आहे, अनुभव असेल तर जरूर सांगा.