फ्लॅश लगेच बदलू नका, आधी एवढं बघा

दादा, तुम्ही लिहिलंय की फ्लॅशचा रेडीचा दिवा लागतो पण फोटो काढताना फ्लॅश उडत नाही, आणि ठाण्यातला दुकानदार म्हणतो नवीनच घ्या, पण थांबा जरा. दिवा लागतोय म्हणजे कपॅसिटर, म्हणजे फ्लॅशसाठी वीज साठवणारा भाग, चार्ज होतोय. आता फ्लॅशवरचं टेस्टचं बटण दाबा, त्याने उडला तर उजेड देणारी ट्यूब चांगली आहे आणि घोळ बहुधा फ्लॅशच्या पायात नाहीतर कॅमेऱ्याच्या हॉट शूमध्ये, म्हणजे फ्लॅश बसवायच्या खाचेत आहे, तिथल्या टोकांवर काळपट थर बसलाय का बघा, आपल्याकडच्या दमट हवेत बसतोच, सेल काढून खोडरबराने हलकेच घासा. टेस्टलाही नाही उडला तर ती झेनॉन ट्यूब किंवा ती पेटवणारं ट्रिगरचं सर्किट बिघडलंय, ते कारागिराचं काम. प्लीज स्वतः उघडू नका, कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या आसपास असतात आणि सेल काढले तरी बराच वेळ राहतात, झटका जीवावर बेतू शकतो.

रिपेअरचा खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल तर मात्र माझं मत नवीनच घ्या, लग्नाच्या ऑर्डरी घेत असाल तर नक्कीच, मुहूर्ताला अक्षता पडताना फ्लॅश रुसला तर तो क्षण परत मिळत नाही. गोडॉक्स कंपनीचा टीटी600 फ्लॅश स्वस्तात बसतो, फक्त त्यात टीटीएल, म्हणजे कॅमेऱ्याने उजेड आपोआप ठरवायची सोय नाही, पॉवर हाताने सेट करावी लागते. टेस्टला उडतो का ते सांगा, मॉडेलही लिहा.