म्हाताऱ्या कुत्र्याची वेळ झाली हे ओळखायचं कसं? (भुसावळ)

रात्रपाळी_भुसावळ:
मंडळी लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मागच्या वर्षी आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आठवड्यात रेल्वे क्वार्टरमधून एक कुत्रा घरी आणला. एक साहेब रिटायर होऊन गावी गेले, सामानाचा टेम्पो गेला आन हा गेटवर बसून राहिला, बारा दिवस, ४५ डिग्रीत. शेजारच्या बायका पाणी-भाकरी टाकायच्या म्हणून जगला. डॉक्टरांनी दात पाहून सांगितलं दहा-अकराचा असेल. आमची आई मूळ अमळनेरकडची, ती म्हणे "म्हातारं कुत्रं कोनी घर लई येस का?" आणायचं तर पिल्लू आण म्हणे. गाडीचा हॉर्न वाजला की उठून उभा राहायचा आन गाडी पास झाली की बसायचा, म्हणून नाव गार्ड ठेवलं.
वर्ष मस्त गेलं. कूलरसमोर झोपायचा, कळण्याची भाकरी दुधात कुस्करून खायचा. आता महिन्यापासून उलट्या, तोंडाला वास, मागचे पाय धरत नाहीत. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ७.८ आलं, म्हणजे किडनी गेली. रोज चामडीखाली सलाईन देतोय. इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं का, तर डॉक्टर म्हणतात "तुम्ही ठरवा". पण ठरवायचं कशावरून? कधीकधी शेपटी हलवतो आन मग वाटतं राहू दे अजून. आई म्हणते आपल्या हाताने मारल्याचं पाप लागतं. कोणी यातून गेलंय का?

केळीवाला_रावेर:
भाऊ मी गेलोय आन मी उशीर केला, सरळ सांगतो. आमची कुत्री तेरा वर्षांची, बागेतच वाढलेली. शेपटीवर जाऊ नका, ती आपल्यासाठी हलते, शेवटच्या दिवसापर्यंत हलते. मला नंतर एकाने सांगितलं ते आधी कळायला हवं होतं. कुत्र्याच्या आवडीच्या तीन-चार गोष्टी लिहून काढायच्या आन रात्री कालनिर्णयवर त्या तारखेला, त्या गोष्टी केल्या तर बरोबरची खूण, नाहीतर फुली मारायची. फुल्या जास्त झाल्या की ठरवायचं, कारण आपलं मन खोटं बोलतं हो, एक चांगली सकाळ आली की मागचे चार खराब दिवस पुसून टाकतं. मी थांबत राहिलो आन ती रात्री दोन वाजता फिट येऊन गेली, त्या वेळेला कुठला डॉक्टर भेटतो वावरात. अजून झोपेत ते दिसतं.

खरं_बोलतो_भो:
मला नाही पटत भो. कुत्रं आपली वेळ आपण पाहतं, कोपऱ्यात जाऊन गुपचूप जातं. सुई कशाला, निसर्गावर सोडा.

दवाखान्यात_८_वर्षं (धुळे):
@खरं_बोलतो दादा, किडनीत गुपचूप काही नसतं. रक्तात घाण साचत जाते, तोंडात फोड येतात, पाणीसुद्धा उलटून पडतं. कोपऱ्यात जातं ते शांत आहे म्हणून नाही, दुखतंय म्हणून.
रात्रपाळी भाऊ, मी डॉक्टर नाही, दवाखान्यात मदतनीस होते, पाहिलेलं सांगते. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, त्याला झोप लागते. मग पायाच्या शिरेतून भुलीचंच औषध, पण जास्त डोसमध्ये. मिनिटभरात श्वास थांबतो, मग हृदय. डोळे उघडेच राहतात, लघवी होऊ शकते, एखादा उचकीसारखा श्वास येतो, तेव्हा घाबरून "तो जिवंत आहे" म्हणून ओरडू नका, तसं नसतं. गुंगी येईपर्यंत डोक्याशी बसा, त्याला तुमचा वास येऊ द्या. काही लोक पट्टा आमच्या हातात देऊन बाहेर जायचे आन कुत्रं शेवटपर्यंत दाराकडे बघायचं, ते मला बघवायचं नाही.
खड्डा चार-पाच फूट तरी खोल घ्या, विहिरीपासून लांब. औषध अंगात राहतं, दुसऱ्या जनावराने उकरून खाल्लं तर तेही मरतं. आन हो, तोवर दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन-कॉम्बिफ्लाम अजिबात देऊ नका, आधीच किडनी गेलेली. भरीत-शेवभाजी पण नको, कांदा-लसूण कुत्र्याला विषच आहे.

केळीवाला_रावेर:
जागा नसेल तर आमच्या बांधावर या, निंबाखाली जागा आहे. मेसेज करा.

रात्रपाळी_भुसावळ:
उशिरा लिहितोय, माफी. कालनिर्णयवर सलग सहा फुल्या झाल्या. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले मंगळवारी घरी येतो. मधे कानबाई होती, आपल्या खान्देशातला श्रावणातला देवीचा सण, रविवारी देवी बसली, सोमवारी विसर्जन. घरात सगळी भाऊबंदकी जमलेली आन हा मोरीजवळ पोत्यावर पडलेला. तुम्हाला माहितीये रोट, म्हणजे कानबाईचा प्रसाद, भाऊबंदांशिवाय कोणाला देत नाहीत. आईने सगळ्यांसमोर रोटाचा एवढासा तुकडा मोडला, दुधात भिजवला आन त्याच्या तोंडाला लावला. काकू काहीतरी बोलायला गेल्या तर आई म्हणे "घरनाच शे तो." चाटलं त्याने थोडं.
मंगळवारी सकाळी झालं, ताईंनी लिहिलं तसंच. डोळे उघडे राहिले, आधी माहीत होतं म्हणून बरं झालं नाहीतर मी ओरडलोच असतो. केळीवाले दादा बांधावर स्वतः खड्डा करून ठेवला होता तुम्ही, काय बोलू. पावसाने काळी माती नुसती चिकटत होती, फावडं उचलेना.
साहेबांचा नंबर शोधून त्यांनाही कळवलं. ते म्हणाले "अजून होता का तो?"

दवाखान्यात_८_वर्षं (धुळे):
आईंना नमस्कार सांगा.