अनुभव धागा : सलग मोकळ्या भिंतीचे भाग कसे पाडावेत?

हॉलमध्ये किंवा पॅसेजमध्ये १८-२० फुटांची सलग भिंत असते. मध्ये ना खिडकी, ना कोनाडा. एवढ्या भिंतीवर मधोमध एकच फ्रेम टांगली की ती हरवून जाते. ज्यांनी हे काम स्वतः केलंय किंवा करून देतात, त्यांनी मापं, सामान आणि काय फसतं ते सविस्तर लिहावं.

सुतारकी

बीडिंग पट्टीच्या (भिंतीवर ठोकायची अरुंद लाकडी पट्टी) चौकटींचं लिहिते. आधी कागदावर गणित करा. २० फूट म्हणजे २४० इंच. तीन चौकटी घेतल्या तर फटी चार होतात (दोन्ही टोकांच्या धरून). प्रत्येकी ६ इंच धरली तर २४ इंच गेले, उरले २१६. याचे सरळ तीन भाग करू नका, सारख्या चौकटींनी भिंत शाळेच्या व्हरांड्यासारखी दिसते. समोर मधोमध ८४ इंची सोफा असेल तर मधली चौकट १०४ आणि बाजूच्या ५६-५६ इंच घ्या. सोफ्याच्या दोन्ही बाजूंना १०-१० इंच चौकट दिसत राहते.

उंची साडेनऊ फूट असेल तर ४ इंच स्कर्टिंग आणि वर-खाली ८-८ इंच सोडून चौकट ९४ इंच उंच होते. तिन्हींना मिळून ८३ फूट पट्टी लागते. कापण्यातली नासधूस धरून ९२ फूट आणा.

पट्टी नुसत्या फेव्हिकॉलवर रंगावर चिकटवली की काही दिवसांनी रंगाचा पापुद्रा घेऊनच सुटते. पट्टीच्या रेषेतला रंग पुट्टीपर्यंत खरवडा, मग फेव्हिकॉल लावा आणि दर दीड फुटाला बिनडोक्याचा खिळा मारा. कोपरे ४५ अंशात कापायचे. लाकडी पट्टी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे कोपऱ्यांत फट पडतेच. म्हणून अखेरचा रंग देण्याआधी तिथे ॲक्रिलिक सीलंट भरा, पुट्टी तडकते.

स्विचबोर्ड चौकटीत पूर्ण आत हवा किंवा पूर्ण बाहेर. पट्टी बोर्डावर येत असेल तर चौकटीचं माप बदला, बोर्डापाशी पट्टी तोडू नका.

ओळंबा

वरच्या गणितात एक भर. छत आणि फरशी दोन्ही पाणसळीत आहेत असं धरून चालू नका. उभ्या रेषा ओळंब्याने घ्या, आडव्या पाणसळीने. छतापासून मोजत गेलात तर २० फुटांत अर्धा-पाऊण इंचाचा फरक सहज दिसतो.

आता भोकांबद्दल. आधी भिंत कशाची आहे ते ओळखा. ड्रिल करताना लाल भुकटी आली तर वीट, पांढरट-राखाडी भुकटी आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर सिपोरेक्स (हलके, सच्छिद्र काँक्रीटचे ब्लॉक). विटेला ६ मिमी बिट, गिट्टी (स्क्रू धरायला भोकात ठोकायची प्लास्टिकची नळी) आणि ३५ मिमी स्क्रू पुरतो. मात्र गिट्टी प्लास्टर ओलांडून विटेत गेली पाहिजे. प्लास्टरमध्येच राहिली तर वजनाने खपली निघते. सिपोरेक्सला हॅमर मोड बंद ठेवा आणि त्याच ब्लॉकसाठी मिळणारी नायलॉनची गिट्टी वापरा, साधी गिट्टी तिथे फिरत राहते. काँक्रीटच्या भिंतीला रोटरी हॅमरच लागतो.

बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडायचं नाही. वायरिंगचा पाइप बहुधा त्याच रेषेत असतो. पलीकडे बाथरूम असेल तर नळांच्या रेषाही टाळा.

चौकट

फ्रेमचा समूह एकच मोठा आकार समजून लावा. समूहाची रुंदी सोफ्याच्या दोन-तृतीयांश, म्हणजे ८४ इंची सोफ्याला ५६ इंच. दोन फ्रेममध्ये २ इंच, सोफ्याच्या पाठीपासून ८ इंच वर. सोफा नसेल तिथे समूहाचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर. आधी वर्तमानपत्राचे तेवढेच तुकडे कापून टेपने लावा आणि दारातून पाहा. उरलेली भिंत मोकळी सोडायला घाबरू नका.

गेरू

वारलीसाठी: डोळ्यांच्या उंचीवर पूर्ण लांबीभर पट्टा काढला की भिंत आणखी लांब वाटते. त्यापेक्षा एका टोकापासून एक-तृतीयांश अंतरावर तारप्याचा फेर (तारपा वाद्याभोवतीचा गोल नाच) घ्या आणि दुसऱ्या बाजूला जमिनीपासून वर जाणारं उंच झाड. नुसता गेरू कपड्यांना लागतो, म्हणून फ्लॅटमध्ये गेरू रंगाचं इमल्शन आणि वर पांढरा ॲक्रिलिक वापरा. पाड्यावर तांदळाच्या पिठाचा रंग आणि टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी असते. तशी काडी ॲक्रिलिकलाही चालते. लग्नचौक मात्र विधीचा भाग आहे, सवाष्णी काढतात. तो शोभेसाठी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मळभ

वॉलपेपर लावण्याआधी ओल तपासा, आणि ती पावसाळ्यातच. फूटभर जाड प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने बंद करून २४ तास ठेवा. आतून थेंब आले तर ओल भिंतीतली आहे. पेपर फुगणार, कडा काळ्या पडणार. कोकणात पावसाच्या माऱ्याकडच्या बाहेरच्या भिंतीवर पेपर लावूच नये.

२१ इंच रुंद, ३३ फूट लांब रोलमधून साडेनऊ फुटी भिंतीचे तीन पट्टे निघतात, म्हणजे ६३ इंच रुंदी. मोठी नक्षी जुळवायची असेल तर कधी दोनच. पूर्ण भिंतीऐवजी तेवढाच उभा भाग करा.

कवडसा

भिंतीला घासून जाणारा प्रकाश पुट्टीचा प्रत्येक उंचवटा दाखवतो. असा दिवा छतात भिंतीपासून फूटभरच्या आत घ्यायचा असेल तर घासकाम दिवा लावूनच करून घ्या. नाहीतर दिवा अडीच फूट लांब ठेवा. ३००० केल्व्हिनचा पिवळसर प्रकाश घ्या, आणि वायरिंगची झिरी रंगाआधी मारा.