सोयाबीन वखारीत ठेवून तारण कर्ज घ्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
गाव औसा तालुक्यात. मी पुण्यात नोकरीला, शेती आबा बघतात. 40 क्विंटल सोयाबीन घरात पडून आहे, आडतीवर 4,200 बोलतायत. (हमीभाव केंद्रावर नोंदणी राहून गेली, ते वेगळंच रडगाणं.) रब्बीच्या खताला पैसा हवा म्हणून आबा विकून मोकळं व्हायचं म्हणतात. मी म्हणतो, बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत टाकू.

माझा हिशोब: किमतीच्या 75 टक्के म्हणजे 1,26,000 हातात. 6 टक्क्यांनी 180 दिवसांचं व्याज साधारण 3,700, क्विंटलमागे 93 रुपये. भाव शंभरानं चढला तरी सुटलो. इतकं सोपं असेल तर सगळं गाव हेच का करत नाही?

शिवाय घटीचं काय? आणि 'वखारीची पावती विकताही येते' म्हणतात, ती कशी? मागे एका खासगी गोदामाची पावती घेऊन बँकेत गेलो, तर त्यांनी हातसुद्धा लावला नाही.

काळी_माती: दादा, गाडीभाडं आणि हमाली धरली नाहीत. घट म्हणाल तर 14 टक्के ओलाव्याचा माल 12 वर आला की क्विंटलला सव्वादोन किलो जातात, तुमचे 90 किलो. पण आडत्या तरी कुठं सोडतो? वाळवून, चाळणी मारूनच न्या, ओला माल गोदामात घेत नाहीत. आणि 180 दिवस उलटले की व्याजदर चढतो.

पावतीचं असं, की 2007 च्या वखार कायद्यानं नोंदणीकृत गोदामाची पावती हस्तांतर करता येते. आता ती डिमॅटमधल्या शेअरसारखी खात्यात असते. पावती व्यापाऱ्याच्या नावावर केली की माल त्याचा, पोती जागची हलत नाहीत. बँकेनं कर्ज दिलं की सातबाऱ्यासारखा तिच्यावर बोजा चढतो, तो उतरेपर्यंत विक्री नाही. तुमच्या त्या गोदामाची नोंदणीच नसणार.

गाव का करत नाही? आबांना विचारा, बियाणं कुणाकडून उचललं होतं. ज्याची उचल, त्याच्याच काट्यावर माल जातो.

धागाकर्ता: विचारलं. जूनमध्ये आडत्याकडून 60,000 घेतलेत, मला आज कळतंय. म्हणजे 15 क्विंटल त्याला घालून उचल फेडायची आणि उरलेलं 25 तारण ठेवायचं. एवढ्याशा मालाला समिती दारात उभं करते का? लातूर भागातल्या कुणी अलीकडे ठेवलं असेल तर सांगा, शनिवारी गावी चाललोय.